आज काय लिवलं?

अंगणवाडीच्या दारात दुपारी आया, आज्या आणि कधीमधी मोटारसायकलवरचा एखादा बाप जमतो. मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय लिवलं गं?" पोरगी म्हणते, "चिखल केला." आईचा चेहरा पडतो. सेविकाबाई दारातच उभ्या असतात. त्या ऐकतात, हसतात, आणि आत जाऊन मोबाइल उघडतात, कारण तिथंही कुणीतरी हाच प्रश्न विचारत असतं. आज किती आले, किती जेवले, कुणाचं वजन घेतलं, कुणाच्या घरी गेलात, भरा.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना लिहिता येत नाही आणि त्या वयात यायला पाहिजे असंही नाही. तरी त्यांच्या अवतीभवतीच्या प्रत्येक मोठ्या माणसाला लिहिलेलं काहीतरी हवं असतं. घराला वही हवी, कचेरीला रकाना. या दोन मागण्यांच्या मधल्या अरुंद जागेत जे काही शिकवणं होतं, ते पाहायला आषाढातला एक आठवडा मी पलूसजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावात बसलो होतो. गावाचं, बाईंचं आणि मुलांचं नाव मुद्दामच देत नाही. या भागात अशा खोल्या गावोगाव आहेत. रंगवलेली भिंत, कोपऱ्यात वजनकाटा, वर अक्षरांचा तक्ता, दाराशी चपलांचा ढीग.

पलूस म्हटलं की बाहेरच्या माणसाला द्राक्षं आठवतात, ऊस आठवतो. पलीकडं किर्लोस्करवाडी आहे, १९१० साली माळरानावर उभी राहिलेली. भिलवडीला चितळ्यांची डेअरी, औदुंबरला दत्त, कुंडलला प्रतिसरकारच्या आठवणी आणि साखर कारखाना. पैसा खेळणारा तालुका आहे. पण आषाढात इथल्या कितीतरी आया सकाळीच भांगलायला जातात. ऊस, हळद, सोयाबीन, जिथं बोलावणं येईल तिथं. पोर अंगणवाडीत सोडून खुरपं घेऊन टेम्पोत चढायचं. आई टेम्पोत चढलेली दिसली की पोर भोकाड पसरतं. सोमवारची सकाळ बहुतेक यातच जाते. रविवारी आई घरी असते, त्यामुळं सोमवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तीन वर्षांचा एक गडी त्या सोमवारी उंबरठ्यावरच बसला. आत यायचं नाही, घरी जायचं नाही, नुसतं रडायचं. मदतनीस मावशी त्याला उचलायला निघाल्या तशा बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, उंबऱ्यावर बसलाय म्हंजे अर्धा आत आलाय." मग त्या स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि चिंचोक्यांचा डबा उपडा करून, त्याच्याकडं न बघता, काळे आणि तांबूस असे निवडायला लागल्या. बऱ्याच वेळानं एक लहान हात पुढं आला आणि चुकीच्या ढिगात एक चिंचोका टाकून गेला. बाईंनी तो तिथंच राहू दिला. आतली वीस-बावीस पोरं तोवर मावशींच्या ताब्यात होती आणि तिथं काय चाललं होतं ते आवाजावरून कळत होतं. बालशिक्षणावरची पुस्तकं लिहिताना एका बाईंजवळ एक मूल धरतात की काय, अशी शंका मला नेहमी येते.

मंगळवारी चिखल झाला. तो मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

आषाढी एकादशी झाली की आमच्या या भागात लगेच बेंदूर येतो. बाकी महाराष्ट्राचा पोळा श्रावणात-भाद्रपदात. सांगली-सातारा-कोल्हापूरकडं बैलांचा सण आषाढातच उरकतो. ज्यांच्या दावणीला बैल उरले नाहीत, आणि आता बहुतेकांच्या उरलेले नाहीत, ते कुंभाराकडचे मातीचे बैल आणून पुजतात. बाईंनी आदल्या दिवशी काळी माती चाळून, खडे काढून बादलीत भिजत घातली होती. मंगळवारी सकाळी पोती अंथरली आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक गोळा ठेवला. सूचना एकच: बैल करायचा. कसा, ते सांगितलं नाही.

पहिला बराच वेळ कुणीच बैल केला नाही. माती थापटली, बोटं खुपसली, एकानं चाखून बघितली. मग पाच वर्षांच्या एका पोरीनं गोळा दोन्ही तळहातांत धरून वळायला घेतला. तिच्या आजीला शेंगोळी वळताना तिनं पाहिलं असणार, कारण हात तसाच चालत होता. तिचे चार पाय झाले, बारीक आणि लांब. त्यावर धड ठेवलं आणि बैल बसला. पाय चपटे झाले. तिनं पुन्हा पाय केले, पुन्हा बैल बसला. शेजारचा म्हणाला, "तुझा बैल दमलाय." ती रागावली. बाई लांबून बघत होत्या. मला राहवेना, म्हणालो, सांगा की तिला पाय जाड कर म्हणून. बाई म्हणाल्या, "सांगितलं तर पाय जाड व्हतील. तिला काय कळंल?" तिसऱ्या खेपेला पोरीनं पाय आखूड केले. ते थोडा वेळ टिकले. मग तिनं शेजाऱ्याच्या बैलाकडं निरखून पाहिलं. त्याचा बैल म्हणजे नुसता मातीचा ठोकळा होता, खाली बोटानं पाडलेल्या खाचा म्हणजे पाय. तो अजिबात बसत नव्हता. तिनं आपल्या बैलाचे पाय मोडले, गोळ्यात मिसळले आणि धडातूनच चार बोंडं ओढून काढली. बैल उभा राहिला. वशिंड मोठं झालं होतं, त्यामुळं तो उंटासारखा दिसत होता, पण उभा होता.

एकाच्या बैलाला पाच पाय होते. बाईंनी विचारलं, "ह्यो कुठला?" तो म्हणाला, "शेपूट हाय." त्यात काही चूक काढता आली नाही.

वहीत काही उतरलं नाही हे खरं. पण त्या दीड तासात बोटांनी दाबणं, चिमटणं, वळणं, ओढणं, टोक काढणं एवढं सगळं केलं. पेन्सिल धरायला नेमकी हीच ताकद लागते. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊच असतात आणि एकेक करत टणक होत जातात. शेवटचं हाड टणक व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. चार वर्षांच्या मुलाचा हात अजून घडतो आहे. त्याला दुरेघी वहीत 'अ' गिरवायला बसवलं की तो सगळी मूठ आवळून पेन्सिल धरतो, कागद फाटेपर्यंत दाबतो आणि पुढं वर्षानुवर्षं तशीच धरतो. पहिलीच्या बाईंना हे ठाऊक असतं. वाकडी धरलेली पेन्सिल सुटता सुटत नाही, असं त्या सांगतात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण 'लवकर लिहायला लावू नका' म्हणणारे ती सहसा सांगत नाहीत. मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढलं, तिथली चार-पाच वर्षांची मुलं लिहीत होती. वाचण्याच्याही आधी लिहीत होती. पण त्याआधी कित्येक महिने त्यांच्या हातांनी नुसती कामं केली होती. गुंड्या लावल्या, ठोकळे बसवले, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवली. हाताची तयारी झाली आणि एके दिवशी लेखणी आपसूक चालली. आपल्याकडं त्या गोष्टीतला शेवटचा दिवस तेवढा उचलला गेला. आधीचे महिने कुणाला नको आहेत, कारण ते घरी नेऊन दाखवता येत नाहीत.

ज्यांनी ते महिने मराठी मुलखात आणले, त्या ताराबाई मोडक. १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या, १९२६ साली दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढं ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीत चालवली. हे सगळं शहरी, शिकलेल्या घरांत पोचणारं काम होतं, आणि मॉन्टेसरीची साधनं महाग. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीत गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. विकतच्या ठोकळ्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं, माती. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी मुलांमध्ये. पलूसजवळच्या या खोलीतला चिंचोक्यांचा डबा थेट तिथून आलेला आहे, मधे कितीही शासन निर्णय येऊन गेलेले असोत. बाईंना ताराबाईंचं नाव माहीत होतं. प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण चिंचोके कुणी शिकवले असं विचारलं तर म्हणाल्या, "आमची आई सारीपाट खेळायची त्येनं."

सरकारी अंगणवाडी आली ती मात्र वेगळ्या वाटेनं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यात पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईसाठी आरोग्य आणि आहाराचं शिक्षण, आणि शाळेआधीचं अनौपचारिक शिक्षण अशी सहा कामं होती. शिक्षण यादीत होतं, पण बालमृत्यू आणि कुपोषण समोर उभं असताना ते यादीत मागंच राहिलं. त्यात कुणाला दोष देता येत नाही. उपाशी पोराला चिंचोके मोजायला लावणं ही क्रूर चेष्टा झाली असती. पण पन्नास वर्षं झाली तरी सेविकेच्या दिवसाची वाटणी त्याच क्रमानं होते, हे खरं दुखणं.

बुधवारी ते दिसलं. आदल्या दिवशीचे बैल खिडकीत वाळत होते. मुलं गोलात बसली होती, गाणं रंगात आलं होतं आणि फोन वाजला. कुठली तरी माहिती आजच्या आज हवी होती. बाई कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर बोट फिरवू लागल्या. पोषण ट्रॅकर हे अॅप २०२१ पासून आलं. त्याआधी अकरा रजिस्टरं होती. आता सगळं मोबाइलवर असलं तरी, रेंज गेली तर काय, म्हणून वहीतही लिहून ठेवायचं. गाण्याचं दुसरं कडवं मावशींनी पुरं केलं. त्यांना चाल नीट येत नव्हती, मुलांनी शिकवली.

त्या दिवशीचा खरा धडा मात्र मावशींच्याच हातून झाला, जेवणाच्या वेळी. सहा वर्षं पुरी व्हायला आलेल्या एका मुलाला त्यांनी ताटं मांडायला सांगितलं. त्याला वीसच्या पुढं मोजता येत नाही. तो एकेका पोरापुढं एकेक ताट ठेवत गेला आणि शेवटी हातात दोन ताटं उरली. तो थांबला. मावशींकडं बघितलं. मावशी खिचडीत डाव फिरवत होत्या, त्यांनी लक्ष दिलं नाही. पोरगा पुन्हा सगळ्यांवरून नजर फिरवून आला आणि म्हणाला, "दोघं आली न्हाईत." कोण, ते शोधायला त्याला आणखी एक फेरी मारावी लागली. एक सापडली: तिला ताप होता. दुसरा सापडेना. सगळी पोरं सांगायला लागली, प्रत्येक जण वेगळं नाव घेत होतं, आणि ज्यांची नावं घेतली जात होती ती तिथंच बसून "मी हाय की" म्हणून ओरडत होती. शेवटी कळलं, दुसरं ताट सकाळी बाईंनी माझ्यासाठी काढून ठेवलं होतं. मी मोजणीत धरला गेलो नव्हतो.

एकास एक जोडी लावणं, उरलेलं ओळखणं, उरलेल्याचं कारण शोधणं. गणिताच्या पुस्तकात हे पहिलीला येतं, तेही चित्रातल्या सशांना गाजरं जोडून. इथं खिचडी गरम होती आणि भूक खरी होती, म्हणून हिशेब चुकवून चालणार नव्हतं. या कामाची नोंद कुठल्याही रकान्यात झाली नाही. 'गरम ताजा आहार: उपस्थित इतके' एवढं गेलं.

गुरुवारी पाऊस लागला. नदीकाठच्या गावात पाऊस लागला की मोठी माणसं हळूच पुलाकडं बघायला लागतात. ऑगस्ट २०१९ चा महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली होती. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. वर्गातली पोरं त्या पहिल्या पुराच्या वेळी जन्मलीही नव्हती. पण बाईंनी "पाऊस आल्यावर काय काय होतं?" असं विचारलं मात्र, आणि पाच वर्षांचा एक जण उभाच राहिला.

"पूर आलता. लय पाणी. आमची म्हस माडीवर चढली."

"जिन्यानं?"

"व्हय. आज्ज्यानं मागनं ढकालली. म्हस रडत हुती."

"मग?"

"मग मी तिला वैरण दिली."

एवढ्यावर थांबेल तर तो कसला. म्हशीनं माडीवर शेण टाकलं, ते खाली पाण्यात सोडलं, ते वाहत औदुंबरला गेलं. देव भिजला. हेलिकॉप्टर आलं, म्हशीनं त्याला शिंगं दाखवली. बाई मधे मधे फक्त "बरं", "आन मग?" म्हणत होत्या. बाकीची पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. गोष्ट संपायच्या आत आणखी तिघांच्या म्हशी माडीवर चढल्या.

तो तेव्हा नव्हताच, हे बाईंना ठाऊक होतं. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "घरात रोज ऐकतोय त्यो. त्येची गोष्ट झाली ती आता. मी कशाला खोडू?" त्यांनी खोडलं नाही, आणि आणखी एक गोष्टही केली नाही जी मी बऱ्याच शाळांत पाहिली आहे. 'म्हस' नव्हे म्हैस, 'आलता' नव्हे आला होता, असं त्या मधे बोलल्या नाहीत. गोष्ट झाल्यावर त्याच घटना त्यांनी आपल्या तोंडानं सावकाश पुन्हा सांगितल्या: पूर आला होता, म्हैस माडीवर चढली होती. पोरांच्या कानावर दोन्ही पडलं.

फलटणला मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी डॉक्टरेटचा अभ्यास फलटणच्या बोलण्यावर केला. पुढं त्या तिथल्याच झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा काढली. मूल घरून जी भाषा घेऊन येतं तिच्यावर उभं राहूनच त्याला वाचायला शिकवता येतं, हे त्यांनी मराठी शाळांना करून दाखवलं. सातारा जिल्ह्यातलं ते काम सांगलीच्या या खोलीपर्यंत पोचलं असेल-नसेल. पण 'म्हस' माडीवर चढू देणाऱ्या बाई त्याच घराण्यातल्या.

याच वर्गात एक मुलगी आहे, आईबाप बिहारकडचे. बाप पलूसच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. जूनमध्ये आली तेव्हापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. बसायची, बघायची, मातीत हात घालायची. बाईंनी तिला बोलतं करायचा प्रयत्नही फार केला नाही. गुरुवारी म्हशीच्या गदारोळात ती अचानक उठली आणि शेजारणीला म्हणाली, "सरक की." उच्चार एकदम पलुसी. सगळं हसलं, तीही हसली. बाईंनी ते डायरीत लिहून ठेवलं. आठवडाभरात त्यांनी कचेरीसाठी नव्हे, स्वतःसाठी लिहिलेली तेवढी एकच ओळ मी पाहिली.

शुक्रवारी शिकवणं झालंच नाही. लसीकरणाचा दिवस होता. नर्सताई, आशाताई, मांडीवर तान्ही पोरं घेतलेल्या आया, आणि घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, सगळं त्याच खोलीत. २०२५ पासून ते पाकीट देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलसमोर धरून पटवावा लागतो. एकीचा चेहरा पटेना. डोक्यावरचा पदर काढला, उजेडात उभं केलं, तरी पटेना. भांगलणीची गाडी तिच्यासाठी थांबून राहिली होती. मोठ्या पोरांना मावशींनी व्हरांड्यात बसवलं. ती आत चाललेली रडारड कान देऊन ऐकत होती आणि मधूनच स्वतःचा दंड चोळत होती.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० साली तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला. म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका साखळीत आली. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' आलं, रोज किमान दोन तास बालशिक्षण व्हावं असं ठरलं. चांगलंच आहे. पण ते दोन तास शुक्रवारी कुठून आणायचे? शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढं लागू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी कलम ११ सरकारला फक्त 'व्यवस्था करता येईल' एवढं म्हणतं. आणि जिनं ही व्यवस्था चालवायची तिला पगार नसतो, मानधन असतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तो संप जानेवारीच्या अखेरीपर्यंत लांबला. त्या काळात गावोगाव लोकांना आहार बंद झाल्याचं जाणवलं. शिकवणं बंद झालं अशी तक्रार मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

ती तक्रार का आली नाही, याचं उत्तर सकाळी रस्त्यावर उभं राहिलं की मिळतं. पिवळ्या गाड्या येतात. टाय लावलेली, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर घेतलेली साडेतीन वर्षांची पोरं त्यात चढतात. नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. द्राक्षाला दर मिळाला की आधी पोराची शाळा बदलते, मग घराला स्लॅब पडतो. तिथं वह्या असतात, गृहपाठ असतो, महिन्याला परीक्षाही असते. सरकारी अंगणवाडीत मग उरतात ती ज्यांना फी झेपत नाही त्यांची पोरं, आणि हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी. एक बाप मला गाडी स्टँडला लावून समजावून सांगत होता: "बाईंचं शिकवणं चांगलंय ओ. पण पोरगी घरी येऊन बैल करून दाखवती. त्या शेजारच्याचं एबीसीडी म्हणून दाखवतंय. पावण्यात कोणतं दाखवू?" त्याला हसणं सोपं आहे. तो स्वतः दहावीला इंग्रजीत अडकलेला आहे.

बाईंचा नातूही पिवळ्या गाडीतून जातो. हे त्यांनी लपवलं नाही. सुनेची इच्छा. "मी काय बोलणार? म्हणंल, तुझी नोकरी टिकवायला नातू बसवतीस." तो संध्याकाळी घरी आला की गृहपाठाला रडतो. आजी त्याचा गृहपाठ संपवून घेते, आणि मग त्याला भाकरीच्या पिठाचा गोळा खेळायला देते. या विसंगतीवर त्यांना प्रवचन ऐकवण्याचा अधिकार मला तरी नाही. माझ्या घरातलं मूलही इंग्रजी शाळेतच शिकलं.

अंगणवाडीला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिलीच्या बाईंना मी विचारलं, तुम्हाला अंगणवाडीतून येणारं मूल कसं हवं? त्यांनी अक्षरांचं नाव काढलं नाही. लघवीला जायचंय हे सांगता यावं. चप्पल उलटी घातली तर कळावं. गोष्ट पुरी होईपर्यंत बसावं. दुसऱ्याच्या हातातलं हिसकून न घेता मागावं. "बाकीचं मी करते," म्हणाल्या. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले होते. प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी होत्या, आणि तिथं फरशीवर अक्षरं-आकडे रंगवून मुलांना खडे-काड्यांनी आपलं आपण शिकायला बसवलं होतं. पहिलीच्या या बाईही त्या गर्दीत होत्या. परत आल्यावर बऱ्याच शाळांनी फरशा रंगवल्या. मुलांना आपलं आपण शिकू देणं मात्र फरशी रंगवण्याइतकं पटकन झालं नाही, असं त्याच म्हणाल्या.

शनिवारी दिंडी होती. नऊवारी नेसलेल्या, नाकात चिकटवलेली नथ सारखी चाचपणाऱ्या रुक्मिणी, बुक्क्यानं काळे झालेले विठ्ठल, डोक्यावर तुळशीचं प्लास्टिकचं वृंदावन. या दिवशी सगळे पालक येतात, मोबाइल वर धरून. पिवळ्या गाडीतली पोरंही आज वारकरी झालेली असतात आणि रस्त्यात दोन दिंड्या समोरासमोर आल्या की टाळांचा नुसता कालवा होतो. वर्षातून या एका दिवशी अंगणवाडीत काय चाललंय ते गावाला स्पष्ट दिसतं, आणि गाव खूश असतं. बिहारकडची मुलगी रुक्मिणी झाली होती. सोमवारचा उंबरठ्यावरचा गडी टाळ वाजवायचा सोडून चाखून बघत होता.

दिंडी परतल्यावर पर्यवेक्षिकाबाई आल्या. त्यांच्याकडं अशा कितीतरी अंगणवाड्या. मोबाइल बघितला, भरलेलं सगळं बरोबर होतं. मग खिडकीत वाळलेल्या बैलांच्या रांगेकडं त्यांचं लक्ष गेलं. आषाढाच्या दमट हवेत ते नीट वाळलेच नव्हते. दोघातिघांची शिंगं गळाली होती, उंटासारखा बैल मात्र चारी पायांवर उभा होता. एक पोरगा काडी घेऊन ओळीनं प्रत्येक बैलाला सुई टोचत होता आणि टोचून झाल्यावर "रडू नगं" म्हणत होता. पर्यवेक्षिकाबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे चांगलंय की ओ. याचा फोटो टाका." बाईंनी फोटो काढला. तो अॅपमध्ये नेमका कुठं टाकायचा हे दोघींनाही सापडेना. एकदा गृहभेटीत गेल्या, एकदा वजन-उंचीत. पोरगा तोवर शेवटच्या बैलापाशी पोचला होता.